लॅपटॉप कायम चालू ठेवला तर काय झिजते?

लॅपटॉपमध्ये हलणारे भाग फारच थोडे असतात. पंखा, झाकणाची बिजागरी, कीबोर्डच्या कळा आणि जुन्या यंत्रांत फिरणारी हार्ड डिस्क, एवढीच ती यादी. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड, स्क्रीन, बॅटरी हे सारे जागच्या जागी बसलेले असते. घासून झिजावे असे त्यांत काही नाही. तरीही हे भाग म्हातारे होतात. ते किती लवकर होतील हे मुख्यतः तापमानावर, विजेच्या दाबावर आणि बॅटरीच्या बाबतीत तिच्यात किती चार्ज भरून ठेवला आहे यावर ठरते. म्हणूनच लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवल्याने खराब होतो का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रत्येक भागाचे उत्तर वेगळे आहे.

सुरुवात प्रोसेसरपासून करावी, कारण लोकांना सर्वांत जास्त भीती त्याची वाटते आणि काळजी मात्र त्याचीच सर्वांत कमी करावी लागते. चिपच्या आत तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांचे जाळे असते. त्यांतून वाहणारे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे धातूच्या अणूंना ढकलत राहतात; अणू हळूहळू सरकतात, कुठे पोकळी पडते, कुठे गाठ तयार होते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचे गणित मांडले. त्या सूत्रात वजन आहे ते प्रवाहाच्या घनतेला आणि तापमानाला. काम नसलेला आधुनिक प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणतो, न लागणारे भाग झोपवून टाकतो आणि अगदी थोड्या विजेवर बसून राहतो. अशा अवस्थेत तो रात्रभर चालू राहिला काय किंवा बंद राहिला काय, त्याच्या आयुष्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दिवसभर व्हिडिओ एडिटिंग करणारा किंवा गेम खेळवणारा प्रोसेसर वेगळा. पण तोही साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. चिप झिजतच नाही असे मात्र नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत तक्रारींचा ढीग पडला. तपासात असे निघाले की गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने चिपमधील काही परिपथ कमकुवत होत होते, आणि कंपनीला या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथेही दोष जादा व्होल्टेजचा आणि तापमानाचा होता.

मग काही जाणकार उलटाच सल्ला का देतात? 'बंद-चालू करू नका, त्यानेच मशीन बिघडते,' असे म्हणणारे लोक प्रत्येक ऑफिसात सापडतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जुने झाले आहे. यंत्र तापले की त्यातील धातू, प्लास्टिक आणि सिलिकॉन वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थंड झाले की आकुंचन पावतात. चिपला बोर्डाशी जोडणारे डाख या ओढाताणीत सापडतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका जागी तुटते, तसे हे डाख कालांतराने तडकतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००८ मधले आहे. एन्व्हिडिया कंपनीच्या लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिप तापणे आणि निवणे या चक्रांत निकामी होऊ लागल्या. चिपच्या बांधणीत वापरलेले साहित्य त्यासाठी पुरेसे दणकट नव्हते. जुलै २००८ मध्ये कंपनीने दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल, एचपी आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांच्या लॅपटॉपना त्याची झळ बसली होती.

तरीही या कारणासाठी लॅपटॉप कायम चालू ठेवण्यात अर्थ नाही. रोज रात्री एकदा बंद केला तर वर्षात ३६५ वेळा यंत्र पूर्ण थंड होते. पण नुसते चालू असतानाही व्हिडिओ कॉल सुरू केला की चिप तापते, कॉल संपला की निवते, मोठी फाइल उघडली की पुन्हा तापते. असे लहानमोठे हेलकावे एका दिवसात कितीतरी होतात. रात्रीचे एकदा थंड होणे त्यात फार भर घालत नाही, आणि बांधणी नीट असलेला बोर्ड हे सारे वर्षानुवर्षे सोसतो.

चालूच ठेवण्याच्या सल्ल्यामागे आणखी एक जुने कारण आहे, ते हार्ड डिस्कचे. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक डिस्कमध्ये यंत्र बंद झाले की वाचणारे टोक थेट तबकडीवर टेकून बसे. फार दिवस बंद राहिलेल्या डिस्कमध्ये ते टोक गुळगुळीत तबकडीला चिकटून जाई आणि मोटरला ती फिरवता येत नसे. त्या काळात संगणक बंद न करणे खरोखरच शहाणपणाचे होते. पुढे बंद होताना टोक तबकडीवरून उचलून बाजूच्या उतरणीवर ठेवण्याची सोय आली आणि ही अडचण संपली. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्क असे उचलणे-ठेवणे सहा लाख वेळा सहन करतील असे उत्पादक सांगत. गंमत अशी की वीज वाचवण्याच्या अतिउत्साहात काही यंत्रे हेच टोक मिनिटाला अनेकदा बाजूला ठेवू लागली. मिनिटाला चारदा असे घडले, तर सहा लाखांचा आकडा अडीच हजार तासांत गाठला जातो. अखंड फिरण्यापेक्षा बचतीनेच डिस्क जास्त झिजली, असे ते उदाहरण.

अखंड चालणाऱ्या डिस्कबद्दल गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या डेटा सेंटरमधील एक लाखाहून अधिक डिस्क त्यांनी तपासल्या होत्या. जास्त वापर म्हणजे जास्त बिघाड, असे सरळ नाते त्यात दिसले नाही. जास्त राबवल्याचा परिणाम प्रामुख्याने अगदी नव्या आणि खूप जुन्या डिस्कमध्येच आढळला. आजच्या लॅपटॉपपुरता हा प्रश्न जवळजवळ मिटलाच आहे, कारण फिरत्या डिस्कची जागा एसएसडीने घेतली आहे. एसएसडी नुसती चालू राहिल्याने झिजत नाही, तिच्यावर माहिती लिहिल्याने झिजते. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींवर एकूण ३०० टेराबाइट लिहिता येईल अशी हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. तोवर तो लॅपटॉप कुणाच्या आठवणीतही नसेल.

आता बॅटरी. लॅपटॉप कायम चालू ठेवणारा माणूस तो बहुधा कायम चार्जिंगला लावूनही ठेवतो, आणि खरे नुकसान होते ते इथे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅपटॉपमध्ये आज हीच बॅटरी असते. ती दोन प्रकारे म्हातारी होते. एक म्हणजे वापराने: १०० टक्के चार्ज खर्ची पडला की एक सायकल मोजली जाते, मग तो एकाच बैठकीत पडो की आज ५० आणि उद्या ५० टक्के असा. बहुतेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलनंतर थकल्यासारख्या होतात. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी १,००० सायकलचा आकडा देते. दुसरा प्रकार नुसत्या काळाचा. बॅटरी वापरली नाही तरी आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो, त्यात लिथियम अडकून पडते आणि क्षमता घटते. हा थर किती झपाट्याने वाढेल ते दोन गोष्टींवर ठरते: बॅटरी किती गरम आहे आणि किती भरलेली आहे.

'सतत प्लगला लावला तर बॅटरी ओव्हरचार्ज होते' ही समजूत मात्र चुकीची आहे. बॅटरी भरली की चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारे सर्किट प्रवाह तोडते आणि लॅपटॉप थेट ॲडॉप्टरच्या विजेवर चालू लागतो. बॅटरी बाजूला पडून राहते. थोडी उतरली की तेवढीच पुन्हा भरली जाते. अडचण आहे ती या पडून राहण्यातच. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर, काही नव्या प्रकारांत ४.४ व्होल्टपर्यंत ताणलेला असतो. त्या अवस्थेत आतली रसायने अस्वस्थ असतात आणि नको त्या अभिक्रिया वेग घेतात. या विषयातील नेहमी वापरली जाणारी आकडेवारी 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या माहितीस्रोताची आहे. तिच्यानुसार ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेलीची ८५ टक्के आणि पूर्ण भरलेलीची अवघी ६५ टक्के क्षमता उरते.

हे आकडे महाराष्ट्रात वाचताना जरा थांबावे लागते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो. खोलीतच ४० अंश असतील, तर प्रोसेसरच्या शेजारी बसलेल्या बॅटरीला त्याहून जास्त सोसावे लागते. त्यात लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खालच्या जाळ्या बंद केल्या की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने उतरते. दोन वर्षे टेबलावर प्लगला लावून वापरलेला लॅपटॉप प्रवासात उघडावा आणि तासाभरात त्याने मान टाकावी, हा अनुभव अनेकांना येतो. 'बॅटरी कधी वापरलीच नाही, तरी बॅकअप देत नाही' या तक्रारीचे उत्तर हेच आहे.

उपाय फुकट आहे आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये आधीच दिलेला असतो. लेनोवो, असुस, डेल, एचपी अशा कंपन्यांच्या अनेक मॉडेलमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये सापडते. कुठे तिला 'कन्झर्व्हेशन मोड' म्हणतात, कुठे 'बॅटरी हेल्थ चार्जिंग'. ॲपलने २०२० पासून मॅकबुकमध्ये अशी व्यवस्था आपोआप चालेल अशी केली. एकदा ही मर्यादा लावली की लॅपटॉप महिनोन्महिने प्लगला लावून ठेवायला हरकत नाही. 'आधी बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि मगच चार्जिंगला लावा' हा सल्ला मात्र आता रद्दीत टाकावा. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम-आयनला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही.

अखंड चालण्याने खरोखर घासला जाणारा भाग म्हणजे पंखा. लॅपटॉपच्या पंख्यांचे आयुष्य साधारण ३० ते ५० हजार तास सांगितले जाते. वर्षात ८,७६० तास असतात. ४० हजार तासांचा पंखा एक क्षणही न थांबता फिरला, तर साडेचार वर्षांत आपला हिशेब पुरा करतो. दिवसाला आठ तास फिरला तर तेरा वर्षांहून जास्त टिकतो. प्रत्यक्षात त्याआधीच धूळ आपले काम करते. तीन-चार वर्षे न उघडलेल्या लॅपटॉपचा खालचा पत्रा काढला की पंखा आणि हीटसिंकच्या बारीक पात्यांच्या मधोमध राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसतो. त्यात धूळ असते, कपड्यांचे तंतू असतात, केस असतात. पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, पण हवा पुढे जातच नाही. चिमटीने उचलला तर हा थर अखंड निघून येतो आणि त्यानंतर तोच लॅपटॉप बराच थंड चालतो. बाहेरून ब्लोअर मारण्याने हा थर बहुतेकदा आणखी आत दाबला जातो; कव्हर उघडून, पंख्याची पाती बोटाने धरून साफसफाई करावी किंवा सर्व्हिसिंगला द्यावे. त्याच वेळी वाळून गेलेली थर्मल पेस्टही बदलून घ्यावी. रात्रंदिवस चालणारा लॅपटॉप रात्रंदिवस धूळही ओढत असतो, एवढे लक्षात ठेवावे.

स्क्रीनचा मुद्दा लोक सहसा विसरतात. एलसीडी पॅनलमागच्या एलईडी दिव्यांचा उजेड मूळच्या निम्म्यावर यायला किती तास लागतील, हे पॅनलच्या माहितीपत्रकात दिलेले असते. लॅपटॉपच्या अनेक पॅनलसाठी हा आकडा १५ हजारांच्या आसपास असतो. म्हणजे स्क्रीन सतत पेटती ठेवली तर दोन वर्षांच्या आत ती निस्तेज होऊ लागेल. ओएलईडी स्क्रीनमध्ये याहून मोठी भानगड आहे. टास्कबारसारखी एकाच जागी राहणारी चित्रे कालांतराने कायमची उमटतात. दहा मिनिटे हात लागला नाही की स्क्रीन बंद व्हावी असे सेटिंग ठेवले, तर मशीन चालू राहूनही हा प्रश्न उरत नाही.

ॲडॉप्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि त्यांचा शत्रूही उष्णताच. तापमान दहा अंशांनी कमी झाले की त्यांचे आयुष्य अंदाजे दुप्पट होते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. म्हणून ॲडॉप्टर पांघरुणाखाली, सोफ्याच्या फटीत ठेवू नये. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की त्याचा प्लग काढून ठेवावा. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात मात्र चालू यंत्राचा एक फायदा होतो: त्याच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश उबदार राहते आणि ओल धरत नाही. कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपपेक्षा अधूनमधून वापरला जाणारा लॅपटॉप दमट हवेत चांगला टिकतो.

चालू आणि बंद यांच्या मधल्या दोन अवस्था अनेकांना नीट ठाऊक नसतात. स्लीपवर टाकलेला लॅपटॉप मेमरीला जिवंत ठेवण्यापुरती वीज घेतो. हायबरनेटमध्ये मेमरीतला मजकूर एसएसडीवर लिहिला जातो आणि यंत्र पूर्ण बंद होते. अलीकडच्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप ही पूर्वीसारखी गाढ झोप राहिलेली नाही. झाकण मिटलेले असतानाही यंत्र मेल आणि अपडेट घेण्यासाठी मधूनच जागे होऊ शकते. ऑफिस सुटताना झाकण मिटून बॅगेत सरकवलेला लॅपटॉप घरी पोहोचेपर्यंत चांगलाच तापलेला आढळतो, तो यामुळेच. भरलेली बॅटरी आणि बंद बॅगेतली उष्णता यांच्याइतकी वाईट जोडी दुसरी नाही. बॅगेत टाकायचा लॅपटॉप हायबरनेट करावा किंवा शट डाउन करावा. टेबलावर राहणार असेल तर रात्री स्लीप पुरेशी आहे.

हार्डवेअर थकले नाही तरी सॉफ्टवेअर थकते. काही प्रोग्राम घेतलेली मेमरी परत करत नाहीत, आणि महिनाभर न थांबलेला लॅपटॉप हँग होऊ लागतो. विंडोज ९५ मध्ये वेळ मोजणारा आकडा ४९.७ दिवसांनी ओसंडून जाई आणि यंत्र ठप्प होई. बोइंग ७८७ विमानांबाबत अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये अशाच दोषासाठी सूचना काढली होती: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर नियंत्रित करणाऱ्या यंत्रणा बंद पडण्याचा धोका होता. लॅपटॉपला आठवड्यातून एकदा रीस्टार्ट पुरतो. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आले, तेव्हापासून शट डाउन केल्यावरही प्रणालीचा गाभा साठवून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' पाहिला, तर रोज शट डाउन करणाऱ्यालाही मशीन बारा-पंधरा दिवस सलग चालू असल्याचे दिसू शकते. खरी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करावे लागते.

विजेचा हिशेब साधा आहे. स्क्रीन बंद ठेवून नुसता जागा असलेला लॅपटॉप १० वॅट खात असेल, तर महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. स्लीपमध्ये तोच साधारण एक वॅटवर येतो आणि युनिटही पुरे होत नाही.

दुकानातले बिलिंग, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग अशा कामांसाठी काही लॅपटॉप खरोखरच चोवीस तास चालतात. तिथे चार्जिंगची मर्यादा लावणे अत्यावश्यक आहे, आणि महिन्यातून एकदा यंत्र उलटे करून पाहणेही. बॅटरी फुगू लागली की टचपॅड दाबला जात नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, खालच्या पत्र्याची एक कड स्क्रू असूनही उचललेली दिसते. आत वायू साचल्याची ही खूण आहे. असा लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न करू नये आणि ती सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्यावी. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.